चांदीच्या नॅनोकणांवर सीरमचं रामन : पीक दर वेळी वेगळं का येतं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. विचारणारी विद्यार्थिनी तासगावची, सांगलीत एमएस्सी भाग २ ला आहे. प्रकल्पासाठी तिनं सिल्व्हर नायट्रेट आणि सायट्रेट उकळून चांदीचे नॅनोकण केले. मिरजेहून मिळालेलं सीरम पीबीएस या खारट फॉस्फेट बफरमध्ये पातळ करून त्यात मिसळलं आणि ७८५ नॅनोमीटरच्या लेसरवर रामन स्पेक्ट्रम, म्हणजे रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाचा आलेख, घेतला. पहिल्या दिवशी भरपूर पीक (आलेखातले सुळके) आले, दुसऱ्या दिवशी त्याच नमुन्यातून वेगळेच आले आणि तिसऱ्या दिवशी तळाला काळा गाळ बसला. तिचे प्रश्न तीन. कण मोठे करू का? चांदीऐवजी सोनं घेऊ का? आणि "धातूमुळे सिग्नल दहा लाख पटींनी वाढतो" असं सगळीकडे लिहिलंय, मग सीरममधली प्रथिनं का दिसत नाहीत?

तुझ्या तिसऱ्या प्रश्नातच पहिल्या दोन्हींचं उत्तर आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. धातू तुझा नमुना मोठा करून दाखवत नाही. धातूच्या पृष्ठभागाला जे जाऊन चिकटलंय, तेवढ्याचाच आवाज तो वाढवतो. सीरममध्ये हजारो प्रकारचे रेणू असतात. त्यातले कुठले आधी आणि घट्ट चिकटले यावर तुझा स्पेक्ट्रम ठरतो. पहिल्या आणि दुसऱ्या दिवशी तू नमुना तोच घेतलास, पण चिकटण्याची परिस्थिती तीच होती का? तुझ्या लिहिण्यावरून तरी नव्हती.

रामन मुळातच फार क्षीण असतं. १९२८ साली कोलकात्यात सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांनी ते पाहिलं. आपण राष्ट्रीय विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला पाळतो तो त्याचाच. ढोबळ मानानं कोटीभर फोटॉन रेणूवर आदळले तर एखादाच आपली ऊर्जा बदलून परततो. जैविक नमुन्यात आणखी एक अडचण असते. त्याची स्वतःची प्रतिदीप्ती (प्रकाश पडल्यावर उमटणारी चमक) इतकी असते की तो एखादा फोटॉन त्या उजेडात बुडून जातो. फायदा एकच, पण मोठा : पाणी रामनमध्ये फारसं बोलत नाही. इन्फ्रारेडमध्ये पाणी सगळं झाकून टाकतं, इथं ओला नमुनाही चालतो. म्हणून जीवशास्त्रवाल्यांनी रामनचा नाद सोडला नाही.

१९७४ मध्ये इंग्लंडात साउदॅम्प्टनला फ्लाइशमन, हेन्ड्रा आणि मॅकक्विलन यांना खडबडीत केलेल्या चांदीच्या इलेक्ट्रोडवर पिरिडिन या रेणूचा अनपेक्षित जोरदार रामन सिग्नल मिळाला. त्यांना वाटलं, पृष्ठभाग खडबडीत झाल्यामुळे जास्त रेणू बसले असतील. १९७७ मध्ये दोन वेगळ्या गटांनी हिशेब मांडून दाखवलं की नुसत्या जास्त रेणूंनी एवढी वाढ होत नाही, इथं दुसरं काहीतरी घडतंय. त्यालाच आपण आज सर्स म्हणतो, म्हणजे पृष्ठभागामुळे वर्धित झालेलं रामन.

ते दुसरं काहीतरी असं आहे. चांदीच्या किंवा सोन्याच्या नॅनोकणातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लाटेबरोबर एका तालात हलतात. त्यामुळे कणाच्या अगदी अंगालगत विद्युतक्षेत्र कितीतरी पटींनी वाढतं. रेणू तिथं असेल तर त्याच्यावर पडणारा प्रकाशही वाढतो आणि त्याच्याकडून निघणाराही. दोन्हींचा गुणाकार होतो, म्हणून क्षेत्र १० पट वाढलं तर सिग्नल साधारण १०,००० पट वाढतो.

पण हे "अंगालगत" म्हणजे किती, ते बघ. एकटा गोल कण धर, व्यास ४० नॅनोमीटर. पृष्ठभागावरच्या रेणूचा सिग्नल १०० धरला तर ५ नॅनोमीटर दूर असलेल्या रेणूचा साधारण ७ उरतो आणि १० नॅनोमीटरवर १ सुद्धा उरत नाही. आता अल्ब्युमिन बघ. सीरममध्ये त्याचं प्रमाण लिटरला ३५ ते ५० ग्रॅम असतं आणि एक रेणू ३ ते ८ नॅनोमीटरचा. म्हणजे अल्ब्युमिनचा एक थर कणावर बसला की त्याच्या पलीकडचं सगळं जग धातूच्या दृष्टीनं संपलं.

दोन कण १-२ नॅनोमीटर अंतरावर आले तर त्यांच्या फटीत क्षेत्र आणखी भयंकर वाढतं. तिथं बसलेले मोजके रेणू बाकी सगळ्यांना झाकून टाकतात. २००८ मध्ये एका अमेरिकी गटानं चांदीच्या एका पृष्ठभागावर याची मोजदाद केली. तिथं १० लाख जागांपैकी फक्त ६३ जागा अतितप्त, म्हणजे सर्वांत जास्त वर्धन देणाऱ्या, होत्या आणि एकूण सिग्नलचा २४ टक्के वाटा त्यांचा होता. तुझ्या बाटलीतही तेच चाललंय. फटी किती झाल्या, कधी झाल्या आणि कोण त्यात अडकलं, एवढ्यावर खेळ. म्हणून "दहा लाख पट" हा आकडा भिंतीवर लावायला ठीक आहे. तो प्रत्येक रेणूच्या वाट्याला येत नाही.

मी मूळचा विट्याकडचा. खानापूर-आटपाडी भागात घरटी कुणी ना कुणी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, धंद्यात, माझे चुलतेही होते. तेजाबात चांदी विरघळते, सोनं विरघळायला दुसरं आम्ल जोडीला लागतं, हे मला बारावीच्या पुस्तकाच्या आधी त्यांच्या दुकानात कळलं. ते म्हणायचे, "धातूवर काय बसलंय ते आधी बघ, मग धातूचा कस बघ." ते मळाबद्दल आणि टाकणखाराबद्दल बोलत होते. मला सर्स समजायला लागलं तेव्हा ते वाक्य नव्यानं आठवलं.

आता यंत्राला हात न लावता करायचा एक प्रयोग सांगतो. सायट्रेटनं केलेल्या सोन्याच्या कणांचा लाल द्रव घे, अगदी कोकम सरबतासारखा रंग असतो. दोन छोट्या नळ्यांत एकेक मिलिलिटर घाल. पहिल्या नळीत १० टक्के मिठाच्या पाण्याचे दोन-तीन थेंब टाक. तुझ्या डोळ्यांदेखत, हात खाली यायच्या आत, लालाचा जांभळा आणि जांभळ्याचा निळा-राखाडी होतो. मिठानं कणांवरच्या ऋण भाराची ढाल पाडली आणि कण एकमेकांना चिकटले. दुसऱ्या नळीत आधी सीरमचे थेंब टाक, हलव, पाच मिनिटं थांब, मग तेवढंच मीठ टाक. रंग लालच राहतो. अल्ब्युमिननं कणांना रजई पांघरली, आता ते एकमेकांजवळ यायलाच तयार नाहीत. फटी नाहीत, म्हणजे सिग्नलही नाही. ही कल्पना माझी नाही, शंभर वर्षांहून जुनी आहे. झिग्मोंडीनं याच रंगबदलावर प्रथिनांची संरक्षक ताकद मोजली, पुढं १९२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. त्याच काळात मेंदू-मणक्यातल्या पाण्याची तपासणीसुद्धा सोन्याच्या द्रवानं होत होती. गरोदरपणाच्या घरगुती पट्टीवर उमटणारी लाल रेघही बहुतेक वेळा सोन्याच्या नॅनोकणांचीच असते.

हा प्रयोग आधी कर. सीरमचं प्रमाण बदलत ने आणि कुठल्या प्रमाणापर्यंत रंग बदलतो ते टिपून ठेव. त्या एका तक्त्यानं तुझा निम्मा प्रकल्प मार्गी लागेल.

आता तुझ्या बाटलीतल्या काळ्या गाळाकडे. त्याचा दोष पीबीएसचा आहे. पीबीएसमध्ये लिटरला १३७ मिलिमोल मीठ असतं. तू नमुना "सौम्य" करायला बफर घातलास आणि नकळत तोच मिठाचा प्रयोग चांदीवर केलास. सीरममध्येही क्लोराइड १०० मिलिमोलच्या आसपास असतंच. पहिल्या दिवशी कण अर्धवट गोळा झाले होते, नेमक्या त्या वेळी तू मोजलंस, म्हणून पीक छान आले. पुढं गोळे मोठे होऊन तळाला गेले. जैविक नमुना म्हटला की बफर हवाच, ही सवय बाकी कामात बरोबर आहे, इथं ती सोड. पातळ करायचं तर शुद्ध पाण्यानं कर. मीठ घालायचं तर तू ठरवून, मोजून, शेवटी घाल आणि घातल्यापासून घड्याळ लाव. प्रत्येक नमुना मीठ घातल्यावर ठरलेल्या मिनिटालाच मोजायचा. मी स्वतः दोन ते दहा मिनिटांत दर मिनिटाला एक स्पेक्ट्रम घेतो, मग कुठला टप्पा स्थिर आहे ते बघून तोच सगळ्यांना लावतो.

प्रथिनांची रजई काढायची असेल तर सीरम ३ किंवा १० किलोडाल्टनच्या (हे रेणूच्या वजनाचं माप) गाळणीच्या नळीत सेंट्रिफ्यूज कर. खाली उतरतं ते छोट्या रेणूंचं पाणी वापर. गाळणी कोरडी राहू नये म्हणून कारखान्यातून ग्लिसरीन लावलेलं असतं, ते आधी दोन-तीनदा पाण्यानं धुऊन काढ. एका मुलानं ते न धुता ग्लिसरीनवर आठवडाभर प्रबंध लिहिला होता, मी तपासला म्हणून सांगतो. गाळणी महाग पडत असेल तर थंड मिथेनॉलनं प्रथिनं खाली बसवता येतात, पण मग मिथेनॉलचा हिशेब कोऱ्या नमुन्यातही ठेवावा लागतो.

आणि आता मजा बघ. गाळलेल्या सीरमचा चांदीवरचा स्पेक्ट्रम जगात कुठंही घेतला तरी बराचसा सारखा दिसतो, कारण त्यातले बहुतेक मोठे पीक यूरिक आम्ल आणि हायपोझँथिन यांचे असतात. ६३८ वेव्हनंबरला (आलेखाच्या आडव्या अक्षावरचं माप, पुढचे पीकचे आकडेही त्यातलेच) ठसठशीत उभा दिसतो तो यूरिक आम्लाचा. साध्या रामनमध्ये उलटं असतं : तिथं प्रथिनं दिसतात, १००३ ला फिनाइलअॅलनिन, आणि रंगीत पदार्थ असतील तर ११५५ आणि १५२० ला कॅरोटिन. यूरिक आम्ल तिथं दिसतही नाही. लिटरला ४० ग्रॅम असलेलं अल्ब्युमिन गप्प आणि डेसिलिटरला ५-६ मिलिग्रॅम असलेलं यूरिक आम्ल मैफिलीत पुढं. ज्याची चांदीशी सोयरीक, त्यालाच मान. गंधक असलेले रेणूही असेच पुढं घुसतात. अळंब्यांतून आपल्या शरीरात येणारं एर्गोथायोनिनही सीरमच्या सर्समध्ये आपली खूण सोडतं. म्हणजे रुग्णानं काय खाल्लं तेही तुझ्या आलेखात येऊन बसतं.

आमच्या भागात पीक म्हटलं की ऊस, द्राक्ष, हळद. तेव्हा मी मुलांना म्हणतो, पीक आलं म्हणून लगेच नाचू नका, ते कुणाच्या रानातलं ते आधी बघा. ६३८ चा पीक यूरिक आम्लाचाच आहे हे म्हणायचं असेल तर नमुन्यात यूरिकेज विकर घालून तो नाहीसा होतो का ते दाखव, किंवा शुद्ध यूरिक आम्ल थोडं थोडं वाढवून तो वाढतो का ते दाखव. तक्त्यातून नंबर उचलून "हा अमक्या प्रथिनाचा" असं लिहू नकोस. ७२५ ते ७३५ च्या दरम्यान अॅडेनिन आणि हायपोझँथिन इतके जवळ बसतात की नुसत्या डोळ्यांनी वेगळं करायला कुणी जाऊ नये.

धातूची निवड. चांदी जास्त जोर देते आणि ५३२, ६३३, ७८५ अशा कुठल्याही लेसरवर चालते. पण ती हवेनं आणि गंधकानं मरते आणि जिवंत पेशींना घातक असते. सोनं शांत, टिकाऊ, पेशींना सोसणारं, पण ५३२ च्या लेसरवर कुचकामी, कारण त्या रंगाचा प्रकाश सोनं स्वतःच गिळतं. ६३३ पासून पुढंच त्याचा उपयोग. तुझ्याकडे ७८५ आहे, सीरमची प्रतिदीप्ती त्यावर कमी राहते, तेव्हा दोन्ही धातू चालतील. तुझ्या कामाला चांदीच ठेव. पेशी किंवा ऊती करायच्या झाल्या तर सोनं घे. आकाराचं म्हणशील तर ४० ते ६० नॅनोमीटर पुरे. २० च्या खाली जोर पडत नाही आणि फार मोठे कण लवकर तळाला बसतात. कण मोठे करून तुझा प्रश्न सुटणार नाही.

कृती तू म्हणतेस ती १९८२ सालची ली आणि मायझेल यांची दिसते : ५०० मिलिलिटर पाण्यात ९० मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट, उकळी आली की १ टक्का सायट्रेट १० मिलिलिटर, पुढं तासभर उकळणं. यातून हिरवट-राखाडी, दुधाळ द्रव येतो, त्यात गोळे, काड्या, सगळं मिसळलेलं असतं. सर्ससाठी ते चांगलंच, पण एक घाणा दुसऱ्यासारखा निघत नाही. माझा अनुभव असा की हायड्रॉक्सिलअमीननं खोलीच्या तापमानालाच केलेली चांदी नवशिक्यांच्या हातून जास्त एकसारखी उतरते आणि सायट्रेटचे स्वतःचे पीकही त्रास देत नाहीत. काहीही कर, एक मोठा घाणा काढ आणि सगळा प्रकल्प त्याच बाटलीवर संपव. घाणा बदलला की पहिल्यापासून मोजायचं.

भांडी हा वेगळाच विषय आहे. साबणानं धुतलेली काचेची भांडी चालत नाहीत, हायड्रोक्लोरिक तीन भाग आणि नायट्रिक एक भाग अशा आम्लराजानं धुवावी लागतात. ते फ्यूम हूडमध्ये, हातमोजे-चष्मा घालून आणि सर जवळ असताना. नंतर शुद्ध पाण्यानं इतकं धुवायचं की कंटाळा यावा, नाहीतर राहिलेलं क्लोराइड चांदीला भेटतं. पाणी चांगलं आहे का ते बघायचं असेल तर त्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाक. आपल्या नळाच्या पाण्यात लगेच पांढुरका ढग उठतो. तसला जराही दिसला तर ते डिस्टिल्ड नावापुरतं. सोन्याचं क्लोराइड घेशील तेव्हा स्टीलचा चमचा वापरू नकोस, चमच्यावरच सोनं उतरतं. प्लॅस्टिकचा घे आणि पटकन घे, ते हवेतलं पाणी ओढून चिकट होतं. आणि तयार द्रव कधीही फ्रीझरमध्ये ठेवू नकोस. सीरम गोठवायचं असतं, चांदी नाही. गोठून वितळलेली चांदी परत पहिल्यासारखी होत नाही. तिला साध्या फ्रीजमध्ये, अंधारात, फॉइल गुंडाळून ठेव.

फॉइलवरून आठवलं. काचपट्टीवर मोजत असशील तर थांब. ७८५ वर काच स्वतःच १३०० ते १४०० च्या आसपास भलामोठा उंचवटा देते. कॅल्शियम फ्लोराइडच्या पट्ट्या सगळ्यांना परवडत नाहीत. घरी पोळ्या गुंडाळायचा अॅल्युमिनियम फॉइल काचपट्टीवर सपाट ताणून चिकटव, चमकती बाजू वर. पार्श्वभूमी जवळजवळ शून्य. थेंब वाळवून मोजणार असशील तर चहाच्या कपाचा डाग आठव, सगळा माल कडेच्या वर्तुळात जमतो. मग मध्यावर मोजलं की काही नाही आणि कडेला मोजलं की ढीगभर. एकाच जागी मोजू नकोस. थेंबावर तीस-चाळीस ठिकाणी मोज, सरासरी दे आणि विखुरलेपणाही दे. माझं मत विचारशील तर सीरमसाठी द्रवच मोजावं, वाळवायच्या भानगडीत पडू नये.

लेसरची ताकद वाढवून पीक वाढवायचा मोह सगळ्यांना होतो. तुझ्या दुसऱ्या दिवसाच्या स्पेक्ट्रममध्ये १३५० आणि १५८० च्या आसपास दोन रुंद, टेकड्यांसारखे उंचवटे आहेत. ते कुठल्याही जैविक रेणूचे नाहीत. तो कोळसा आहे. नमुना जळाला. वाळलेल्या थेंबावर काही मिलिवॉटच्या वर जाऊ नकोस आणि एकाच जागी लागोपाठ पाच स्पेक्ट्रम घेऊन आकार बदलतोय का ते बघ. रोज सकाळी सिलिकॉनचा तुकडा ठेवून त्याचा पीक ५२०.५ वर आहे का ते आधी तपास. दोन अंकांनी सरकलेलं यंत्र तुझ्याकडून वेगळाच रेणू ओळखून घेईल.

तू शेवटी लिहिलंयस की पुढं रुग्ण आणि निरोगी यांचे नमुने घेऊन "रोग ओळखायचा" आहे. इथं मी माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका रुग्णालयातून रुग्णांचं रक्त आणि तुलनेसाठी निरोगी लोकांचं रक्त घेतलं. सांख्यिकी लावली, दोन्ही गट असे स्वच्छ वेगळे झाले की आम्ही पेढे वाटले. लेख लिहायला बसलो तेव्हा सोबतच्या मुलीनं विचारलं, "सर, रुग्णांचं रक्त किती वेळानं सेंट्रिफ्यूज केलं?" ते सकाळी काढून दुपारपर्यंत तिथंच पडून असायचं. निरोगी लोकांचं आम्ही स्वतः काढून घ्यायचो आणि अर्ध्या तासात फिरवायचो. रक्त तसंच ठेवलं की पेशींमधून हायपोझँथिन बाहेर झिरपत राहतं, आणि चांदीला नेमकं तेच आवडतं. म्हणजे आम्ही रोग ओळखला नव्हता, नळी किती वेळ टेबलावर पडली होती ते ओळखलं होतं. सगळं परत केलं, एकाच वेळी फिरवलं, तेव्हा फरक कुठल्या कुठं विरून गेला. तो लेख कधीच छापला नाही. तेव्हा नळीवर फक्त नाव-नंबर नको, काढल्याची वेळ, फिरवल्याची वेळ आणि गोठवल्याची वेळही लिही. रक्त गोठू नये म्हणून नळीत काही घातलं असेल तर हेपारिन, सायट्रेट की ईडीटीए तेही लिही, कारण ही रसायनंसुद्धा चांदीवर बसतात आणि स्पेक्ट्रम बदलतात. सीरम तांबूस दिसलं तर तांबड्या पेशी फुटल्यात, तो नमुना बाजूला काढ.

जीवाणूंच्या सर्समध्येही हीच गोम आहे. "प्रत्येक जीवाणूचा वेगळा ठसा" म्हणून दाखवतात त्यात ७३० च्या आसपासचा मोठा पीक पेशीच्या भिंतीचा नसून, उपाशी किंवा त्रासलेल्या जीवाणूनं बाहेर टाकलेल्या अॅडेनिन, हायपोझँथिनसारख्या प्युरीनांचा असतो असं बऱ्याच काळजीपूर्वक कामांतून दिसलंय. ठसा असतो, पण तो त्याच्या त्या वेळच्या हालअपेष्टांचाही असतो. धुतला किती वेळा, पाण्यात ठेवला किती वेळ, यानं तो बदलतो.

विशिष्ट प्रथिनच शोधायचं असेल तर थेट पद्धत सोडून दे. कणावर आधी ४-मर्कॅप्टोबेंझोइक आम्लासारखा बोलका रेणू बसवायचा (१०७७ आणि १५८७ ला त्याचे दोन ठळक पीक), त्यावर आवरण, आवरणावर प्रतिपिंड. मग सीरममध्ये काय आहे याची चिंता नाही, प्रतिपिंड जिथं जाऊन बसेल तिथून त्या रेणूचा आवाज येतो. एमएस्सीच्या एका वर्षात हे जमवणं कठीण आहे, पण पुढं पीएचडी करणार असशील तर डोक्यात ठेव. धातूच्या जवळ प्रतिदीप्ती वाढवणं, टोकदार सुईनं रामन घेणं हे चुलतभाऊही आहेत, त्यात आत्ता शिरत नाही.

वर्धनाचा आकडा काढायला सांगितला असेल तर १०^८ वगैरे लिहू नकोस. त्याला पृष्ठभागावर नेमके किती रेणू होते ते माहीत हवं आणि ते तुला माहीत नाही. त्यापेक्षा सरळ हिशेब कर : चांदीसह मिळालेली पीकची उंची भागिले तेव्हाची संहती, आणि चांदीशिवाय मिळालेली उंची भागिले तेव्हाची संहती, या दोघांचं गुणोत्तर. लेसर तोच, वेळ तीच, लेन्स तीच. १०^४ किंवा १०^५ आला तरी लाजायचं कारण नाही, तो खरा असतो.

माणसाचं रक्त वापरतेस तर महाविद्यालयाच्या नीतिसमितीची परवानगी कागदावर घे, हातमोज्यांशिवाय नळी उघडू नकोस आणि चांदीचं उरलेलं बेसिनमध्ये ओतू नकोस. परवानगीला उशीर होतोय असं वाटलं तर तेवढ्या काळात हात बसवायला सोयाबीनचं प्रक्रिया केलेलं बियाणं घे. त्याला थायरम लावलेलं असेल तर त्यात गंधक असतं, चांदीला ते घट्ट धरतं आणि १३८० च्या आसपास असा स्वच्छ पीक येतो की तुझी पद्धत चालते की नाही ते एका दुपारी कळतं. बियाणं धुतलेलं ते पाणी, चांदी आणि कोरा नमुना, एवढंच लागतं. हळद मात्र त्या टेबलाजवळ आणू नकोस. कर्क्युमिन बोटांना लागलं की दोन दिवस प्रत्येक नमुन्यात प्रतिदीप्ती दिसत राहते, हे सांगलीत राहून मला तीनदा शिकावं लागलंय.

यंत्र दुसऱ्या गावी असेल तर एसटीत बाटली मांडीवर घेऊन जाऊ नकोस, एप्रिलमध्ये तर नाहीच. रुंद तोंडाचा थर्मास, त्यात बर्फाचं पाणी (नुसता बर्फ नको, चांदी गोठेल), आणि सीरम वेगळ्या डब्यात बर्फावर. चांदी आणि सीरम तिथं पोचल्यावरच मिसळायचं. सोबत चार कोऱ्या नळ्या ने : नुसतं पाणी, नुसती चांदी, चांदी अधिक मीठ, आणि गाळणीतून उतरवलेलं नुसतं पाणी अधिक चांदी. आधी या चार मोज, मग सीरमला हात लाव. त्या चारांत २३०-२४० च्या आसपास पीक दिसला तर ते चांदीवर बसलेलं क्लोराइड आहे, घाबरू नकोस. ६३८ ला काही दिसलं तर मात्र त्या दिवशी पुढं काही मोजू नकोस, भांडी धुवायला परत ये.

लाल द्रवाचा मिठाचा प्रयोग झाला की सीरमच्या कुठल्या प्रमाणाला रंग अडला तेवढं कळव, मग मिठाचं प्रमाण ठरवू.